माउंटन बाइकवरून पडून गुडघ्याखाली प्लेट बसली आहे. कामावर परत कधी आणि कसं जावं?

तुम्ही लिहिलंय की टेकडी उतरताना पडलात, गुडघ्याखालच्या हाडात प्लेट बसली, सहा आठवडे झालेत आणि ऑफिसातून "कधी येताय?" असे फोन सुरू झालेत. माझीही केस जवळपास हीच. मी डॉक्टर नाही, हिंजवडीत आयटीत आहे, तेव्हा त्या हिशेबानेच वाचा.

मी पडलो वेताळ टेकडीवर, मार्चमध्ये. पावसाळ्यात सगळेच जपून चालवतात. उन्हाळ्यात मात्र कातळावर सुटा मुरूम छर्ऱ्यांसारखा पसरलेला असतो आणि तो दिसत असूनही कुणी मनावर घेत नाही. पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला, चाक सरकलं आणि सावरायला मी डावा पाय रोवला. तिथेच घात झाला. सरळ आडवा झालो असतो तर खरचटण्यावर भागलं असतं. मांडीचं हाड नडगीच्या माथ्यावर आदळलं आणि तो माथा खचला. याला टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर म्हणतात. एक प्लेट, सात स्क्रू.

आता 'कधी'. तिसऱ्या आठवड्यात डोकं आणि हात कामाला तयार होते. पाय उशांवर आणि लॅपटॉप मांडीवर, असं रोज चार तास काम सुरू केलं. अडलं ते जाण्यायेण्यात. कंपनीच्या बसची पहिली पायरी एवढी उंच असते हे मला तोवर माहीतच नव्हतं!

पाय दहा आठवडे टेकवायचाच नव्हता. मग एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, आता २० किलो टाका. २० किलो म्हणजे नेमके किती? फिजिओने घरातला वजनकाटा काढायला लावला. डावा पाय काट्यावर, उजवा शेजारी तेवढ्याच उंचीच्या पाटावर, हात वॉकरवर. वजन टाकत काटा २० वर आणायचा, पाय उचलायचा, डोळे मिटून पुन्हा तेवढंच टाकायचं आणि मग डोळे उघडून बघायचं. पहिल्या दिवशी माझ्या मते २० पुरे झाले होते, काट्यावर दिसले सात. आई शेजारी उभी राहून भाजीवाल्याला म्हणावं तसं "अजून थोडं, अजून थोडं" करत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी पायाला तो अंदाज आला. हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका, आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो.

साडेतीन महिन्यांनी ऑफिसला गेलो, आठवड्यातून दोन दिवस. माझी चूक सांगतो. नुसतं 'कामास योग्य' एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट घेऊन गेलो होतो. एचआरने त्याचा अर्थ 'ठणठणीत' असा लावला. दुसऱ्याच आठवड्यात फायर ड्रिल झालं, लिफ्ट बंद, आणि मी कुबडी घेऊन चौथ्या मजल्यावर. फिजिओने शिकवलेलं तेवढं आठवलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. खाली पोचेपर्यंत ड्रिल संपून लोक चहाला गेले होते. सिक्युरिटीच्या काकांनी स्वतःची खुर्ची दिली, म्हणून उभा राहिलो नाही. त्यानंतर डॉक्टरांकडून सविस्तर लिहून आणलं: जिने टाळावेत, सलग एक तासापेक्षा जास्त बसू नये, पाय वर ठेवायला स्टूल द्यावं, दोन दिवस ऑफिस, तीन दिवस घरून, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. असं कलमवार पत्र मॅनेजरलाही सोयीचं जातं, त्याला वर दाखवता येतं.

स्टुलाला हसू नका. पाय खाली सोडून बसलं की दुपारी चारपर्यंत माझ्या घोट्याची खळगी बुजायची आणि मोज्याच्या इलॅस्टिकची रेघ रात्रीपर्यंत तशीच राहायची. एवढी सूज चालते म्हणे. पण पोटरी एकाएकी दुखायला लागली, कडक किंवा गरम लागली, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८. याच कारणासाठी हाडवैद्याकडून मालिश करून घ्यायचा मावशीचा सल्ला मी हात जोडून नाकारला. तिचे डिंकाचे लाडू मात्र नाकारले नाहीत, त्याचे चार किलो अजून अंगावर आहेत.

पैशांचं थोडक्यात. कॅशलेसच्या वेळी विमावाल्यांनी 'साहसी खेळ' म्हणून हरकत घेतली होती. तुमच्याकडेही घेतली तर पॉलिसीतलं एक्सक्लुजन ०९, म्हणजे साहसी खेळातल्या दुखापतीचा खर्च कधी मिळत नाही ते सांगणारं कलम, काढून वाचा. आरोग्य विम्याच्या त्या प्रमाणित कलमात 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्यास असं म्हटलंय. रविवारी हौसेने टेकडीवर जाणारा त्यात बसत नाही. मी तेवढंच ईमेलवर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. कागदांवर 'घरात पाय घसरला' वगैरे लिहून घेऊ नका, खोटं पकडलं गेलं तर खरा क्लेमही जातो. वैयक्तिक अपघात विमा वेगळा असेल तर त्यातले अपवाद स्वतंत्र वाचा, तिथली भाषा कडक असू शकते. माझ्या पॉलिसीत कामाला मुकलेल्या आठवड्यांची भरपाई होती, पण घरून काम केलेले आठवडे त्यांनी धरले नाहीत. तेव्हा लॅपटॉप उघडायच्या आधी हा हिशेब करा. मी केला नव्हता.

गाडीबद्दलही विचारलंय तुम्ही. माझा डावा पाय होता, तरी स्कूटर सगळ्यात उशिरा हातात घेतली, कारण सिग्नलला आपण डावाच पाय टेकतो. तुमचा उजवा असेल तर प्रश्न ब्रेकचा आहे, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय चारचाकीसुद्धा नको.

आणि सायकल? दीड वर्ष झालं. सपाट रस्त्यावर चालवतो, पाषाण तलावापर्यंत जाऊन येतो. मागच्या रविवारी टेकडीवर गेलो होतो, चालत. त्या उतारावर मुरूम तसाच आहे. बाजूच्या गवतातून उतरलो.