जुन्या, हलक्या ट्रेल बाइकचं, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायच्या मोटारसायकलचं, लोकांना एवढं वेड का असतं?

पहिलं कारण वजन. चिखलात आडवी झाली तरी एकट्याने उचलता येते, आजच्या दोनशे किलोच्या अ‍ॅडव्हेंचर बाइकला हात लावायला दोघं लागतात. १९६८ ची यामाहा डीटी-१ बघा: २४६ सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन. ना रेडिएटर, ना सेन्सर. बंद पडली तर प्लग काढायचा, काजळी पुसायची, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक छिद्र) फुंकायचा आणि किक मारायची. बहुतेक वेळा तेवढ्यात निघते.

होंडा सीटी९० तर त्याहून साधी. क्लच लिव्हरच नाही, शिवाय चढासाठी वेगळा लो-रेंज गिअर (वेग कमी, जोर जास्त). वेग? विसरा. पण पायवाटेवर ताशी तीसच्या वेगातही मजा येते. ब्रेक मात्र यथातथाच, आणि सुटे भाग शोधताना नाकीनऊ येतात.