इलेक्ट्रॉन ‘देतो’ की ‘गमावतो’?

विचारणा अशी: सोडियमचा अणू इलेक्ट्रॉन ‘देतो’ म्हणावं की ‘गमावतो’? आणि गमावूनही तो ‘धन’ आयन (म्हणजे प्रभार असलेला अणू) कसा?

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो जास्त गमतीचा आहे. सोडियमच्या अणूत 11 प्रोटॉन आणि 11 इलेक्ट्रॉन, म्हणजे एकूण प्रभार शून्य. एक इलेक्ट्रॉन गेला की 11 विरुद्ध 10 उरतात. गेला तो इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित, म्हणजे अणूचं कर्जच फिटलं म्हणा ना! ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये नियमच दिला आहे की शून्यातून ऋण वजा केलं की धन येतं. क्लोरिनचं उलट. त्याच्याकडे 17 प्रोटॉन. अठरावा इलेक्ट्रॉन आला की तो ऋण आयन, क्लोराइड.

आता क्रियापद. वर्गात ‘देतो-घेतो’ ही जोडी सोयीची, चूक नाही. पण ‘देतो’मध्ये राजीखुशी आहे आणि ती सोडियमकडे नाही. मोलभर (मोल म्हणजे अणू मोजायचं एक ठरलेलं, प्रचंड मोठं माप) सोडियम अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे 496 किलोज्यूल लागतात. तेवढेच इलेक्ट्रॉन घेताना क्लोरिन सोडतो जेमतेम 349. हिशेब तुटीचाच. ती तूट भरून निघते विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना खेचून मिठाचा स्फटिक बनतो तेव्हा. त्यात सुमारे 787 किलोज्यूल बाहेर पडतात. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर 4562! म्हणून मिठात सोडियम एका धनप्रभारावरच थांबतो. मी ‘गमावतो’ लिहीन. ‘त्याग करतो’ मात्र नको, अणू काही संत नव्हे. ‘अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करण्यासाठी’ यातला ‘साठी’ही मला खटकतो. अष्टक पूर्ण होतं एवढंच म्हणावं.

जाता जाता: मिठाच्या पाकिटावर ‘सोडियम’ लिहिलेलं असतं तो हा आयन. सोडियम धातू पाण्यात टाकला तर पेट घेऊ शकतो.

‘आयन’ शब्द मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1834 मध्ये रूढ केला, विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या सल्ल्याने. मूळ ग्रीक, अर्थ ‘जाणारा’, कारण विद्युतप्रवाह सोडला की हे कण विद्युतअग्रांकडे जातात. ‘उत्तरायण’मधलं ‘अयन’ही ‘जाणे’ याच अर्थाच्या संस्कृत धातूपासून (इथे धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ) आलेलं. ग्रीक आणि संस्कृत, दोन्ही धातू एकाच प्राचीन कुळातले. तरी रसायनशास्त्रात ‘अयन’ लिहू नये, ‘आयन’च.