सेंट मेरीज बेटावरचे दगडी खांब आणि पन्हाळ्याचा कातळ एकाच लाव्ह्यातले आहेत का?

नाही. तुमचा तर्क असा की उडुपीजवळच्या या बेटांवर दिसतात तसेच खांब पन्हाळ्याजवळ बांदिवड्यालाही आहेत, म्हणजे लाव्हा एकच असणार. पण खांबांवरून नातं जुळवायला गेलं की फसगत होते. लाव्ह्याचा जाड थर निवताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि गारवा आत शिरेल तशा त्या खोल जातात. आटलेल्या तळ्यातला गाळ भेगाळतो तसंच हे. लाव्हा कुठलाही असो, खांब होऊ शकतात. शिवाय सगळे षटकोनी नसतातच. बाजू मोजा, पाच आणि सात बाजूंचेही सापडतील.

खरा फरक वयात आणि दगडात आहे. पन्हाळा, जोतिबा, अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड, सगळं दख्खनच्या बेसाल्टचं (लाव्हा थिजून झालेला काळा दगड), साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. (जोतिबाचा डोंगर शंकूसारखा, म्हणून तो ज्वालामुखी होता असं छातीठोक सांगणारे आपल्याकडे भेटतात. नव्हता. लाव्हा लांबलचक भेगांतून आला, थरांवर थर साचले. पाऊस-नद्यांनी कोरून जे उरलं ते हे डोंगर.)

बेटांवरचा दगड जवळपास ९ कोटी वर्षांचा, रायोलाइट नावाच्या ज्वालामुखी खडकाच्या जातीचा. बेसाल्टमध्ये सिलिका (वाळूतला मुख्य घटक) ५० टक्क्यांच्या आसपास असते, यात ७० च्या. त्यामुळे हा लाव्हा फार चिकट. त्या काळात मादागास्कर भारतापासून तुटत होतं आणि या लाव्ह्याचा संबंध त्या फाटण्याशी लावतात. त्याच सुमाराचे ज्वालामुखी खडक मादागास्करमध्ये भरपूर आहेत. बेटांचे सोयरे शोधायचे तर समुद्रापलीकडे जावं लागेल. पन्हाळा आणि बेटांच्या मध्ये जमिनीवरही सलगता नाही: बेळगावच्या पुढे दख्खनचा थर संपतो आणि २५० कोटी वर्षांहून जुने खडक लागतात.

दुसरा प्रश्न, पन्हाळ्याच्या माथ्यावरचा तांबडा दगड म्हणजे वेगळा लाव्हा का? तोही नाही. तो जांभा, म्हणजे बेसाल्टच. उष्ण, पावसाळी हवेत लाखो वर्षं कुजून सिलिका धुपून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. मसाई पठारही त्याचंच. ॲल्युमिनियम जास्त साठलं तिथं बॉक्साइट झालं; राधानगरी, शाहूवाडीकडच्या खाणी त्याच्याच.