चारने भाग न जाणारा पत्ता

प्रश्न : सेन्सरकडून सिरियलवर पॅकेट येतं. पहिला बाइट आदेशाचा, त्यामागून चार बाइटांचं रीडिंग. ते मी असेंब्लीत एका एलडीआरने (मेमरीतून चार बाइट रजिस्टरमध्ये आणणारी सूचना) उचलतो. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरच्या बोर्डावर सगळं ठीक, पण तोच कोड धाकट्या एम०प्लसवर टाकला की हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसर चूक पकडून प्रोग्राम अडवतो. असं का?

उत्तर : बफर चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असला, तरी तुमचं रीडिंग त्याच्या पुढच्या, म्हणजे विषम पत्त्यावर सुरू होतं. एम०प्लसला एलडीआरसाठी चारने आणि दोन बाइट आणणाऱ्या एलडीआरएचसाठी दोनने भाग जाणाराच पत्ता लागतो, नाहीतर थेट हार्डफॉल्ट. एम४ तेच काम जास्तीच्या सायकल खर्चून तुकड्यांत करतो आणि तुम्हाला कळूही देत नाही.

पण ही सवलत साध्या लोड-स्टोअरपुरतीच आहे. एकाहून जास्त रजिस्टर एकदम भरणाऱ्या किंवा साठवणाऱ्या एलडीएम, एसटीएम, एलडीआरडी, एसटीआरडी यांना एम४वरही ती मिळत नाही. सी भाषेत पॉइंटर कास्ट करून (बाइटचा पत्ता चार बाइटांच्या आकड्याचा मानून) लिहिलेला कोड ऑप्टिमायझेशन चढवल्यावर कोसळतो तो बऱ्याचदा यामुळेच : कंपायलरने शेजारचे दोन एलडीआर मिळून एक एलडीआरडी केलेला असतो.

तुमच्यासाठी उपाय असा. बफरला बीअलाइन ४ (पत्ता चारच्या पटीत आणणारा असेंब्लरचा निर्देश) लावून ठेवा. त्याचा पत्ता आर० रजिस्टरमध्ये असेल, तर ऑफसेट १वरून एलडीआरबीने (एक बाइट) आर१, २वरून एलडीआरएचने आर२, ४वरून एलडीआरबीने आर३ भरा. आर२ डावीकडे ८ बिट, आर३ २४ बिट सरकवा आणि दोन्ही आर१मध्ये ओआरआर (बिटनिहाय ऑर) करा. सात सूचनांत काम होतं. बाइट-बाइट उचललं तर दहा लागतात. सेन्सर मोठा बाइट आधी पाठवत असेल, तर शेवटी एक आरईव्ही, म्हणजे बाइटांचा क्रम उलटा.

जुना एआरएम७टीडीएमआय प्रोसेसर याहून धोकादायक. पत्ता १०००पासून ११ २२ ३३ ४४ हे हेक्स बाइट असतील आणि १००१वरून एलडीआर केला, तर लिटल-एंडियनमध्ये (लहान बाइट आधी) तो ११४४३३२२ देतो. फॉल्ट नाही, फक्त फिरवलेला चुकीचा आकडा. फॉल्ट येणं त्यापेक्षा कितीतरी बरं.

म्हणून एम४वर विकास करतानाच सीसीआर (कॉन्फिगरेशन अँड कंट्रोल) रजिस्टरचा बिट ३, अनअलाइन ट्रॅप (असा पत्ता आला की फॉल्ट देणारा), चालू ठेवा आणि कंपायलरला अनअलाइन्ड अ‍ॅक्सेस बंद करायला सांगा. चूक टेबलावरच सापडेल. नेमकी ओळ हवी असेल, तर फॉल्ट हँडलरमध्ये शिरताच स्टॅक पॉइंटरपासून २४ बाइटांवर साठवलेला पीसी (चुकलेल्या सूचनेचा पत्ता) वाचा.

प्रश्न : ६४ बिट लिनक्सवर माझ्या असेंब्लीतून सी भाषेचं प्रिंटएफ फंक्शन बोलावलं की कधीकधी सेगमेंटेशन फॉल्ट येतो. डीबगर मूव्हएपीएस या सूचनेवर थांबतो.

उत्तर : एक्स८६वर साध्या मूव्हला विषम पत्ता चालतो, १६ बाइट एकदम हलवणाऱ्या मूव्हएपीएसला मात्र १६ने भाग जाणाराच लागतो. कॉल करण्याआधी आरएसपी (स्टॅक पॉइंटर) १६च्या पटीत हवा, हा तिथला करार. तुमच्या फंक्शनमध्ये शिरताना परतीचा पत्ता ढकलला गेल्याने तो ८ने हललेला असतो. आरएसपीमधून ८ वजा करा किंवा एकूण पुश विषम संख्येत ठेवा.