कांगड्याच्या भूकंपाचा आकडा का उतरला?

प्रश्न : ४ एप्रिल १९०५ रोजी झालेल्या कांगडा भूकंपाची तीव्रता जुन्या पुस्तकांत ८, क्वचित ८.६ अशी दिलेली आढळते. अलीकडच्या लेखनात मात्र ती ७.८ असते. भूकंप एकदाच झाला, मग त्याचा आकडा इतक्या वर्षांनी कसा उतरला?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा आकडा १९०५ साली कोणी मोजलेलाच नव्हता. चार्ल्स रिश्टर यांनी आपले मापन १९३५ मध्ये मांडले. त्याआधीच्या भूकंपांचे आकडे निरनिराळ्या वेधशाळांतील जुने भूकंपालेख, म्हणजे यंत्रांनी कागदावर काढलेल्या भूकंपाच्या नोंदी, पट्टीने मोजून मागाहून काढले गेले.

त्या काळी जॉन मिल्न या शास्त्रज्ञाच्या भूकंपमापक यंत्राचा प्रसार मोठा होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवले होते. आडव्या लंबकाबरोबर हलणारा प्रकाशाचा ठिपका प्रकाशसंवेदी कागदावर रेघ उमटवी. कागद तासाला जेमतेम ६० मिलिमीटर सरकत असल्यामुळे एकेक आंदोलन सुटे दिसत नाही. मध्ये फुगलेला एक काळा पट्टा उमटतो आणि त्याची कमाल रुंदी तेवढी मोजता येते.

खरी अडचण लंबकाची होती. त्याला आवर घालणारी, म्हणजे अवमंदनाची, सोयच या यंत्रात नव्हती. झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलके झोके दिले तरी तो उंच चढतो. तसाच हा लंबक सुमारे वीस सेकंदांत एक आंदोलन पुरे करणाऱ्या पृष्ठलहरी (जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या भूकंपलहरी) आल्या की वाजवीपेक्षा जास्त झुलत असे. भूकंपशास्त्रज्ञ बेनो गुटेनबर्ग व रिश्टर यांनी हिशेब करताना यंत्राची ही प्रत्यक्षातली वर्धनक्षमता, म्हणजे हालचाल मोठी करून दाखवण्याची क्षमता, कमी धरली, त्यामुळे जमिनीची हालचाल होती त्याहून मोठी ठरली. अवमंदनाची सोय असलेल्या यंत्रांच्या नोंदी, उदाहरणार्थ काजळी धरलेल्या कागदावर सुईने ओरखडणाऱ्या वीखर्ट यांच्या जर्मन यंत्रांच्या, मिल्न यंत्रांच्या नोंदींशेजारी ठेवल्यावर ही तफावत ध्यानात आली. मापन लघुगणकी, म्हणजे एकेका अंकाला हालचाल दहापट धरणारे, असल्यामुळे ८.६ आणि ७.८ यांतला फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. तो जमिनीच्या हालचालीत सुमारे सहा पटींचा आहे.

हे कागद आता स्कॅन करून संगणकावर गिरवले जातात. मात्र कागद आकसलेला असतो, घड्याळ मागेपुढे झालेले असते आणि सुईची भुजा फिरती असल्याने रेघही कमानीत वळलेली असते; या चुका आधी दुरुस्त कराव्या लागतात. यंत्राचा आवर्तनकाल (लंबकाच्या एका झोक्याला लागणारा वेळ) आणि वर्धन टिपून ठेवलेली वेधशाळेची वही हरवली असेल, तर माझ्या मते नुसता कागद निम्म्या मोलाचाच उरतो.

आकडा उतरल्याने नकाशाही बदलला. कांगड्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या डेहराडूनलाही त्या दिवशी बरीच पडझड झाली होती, म्हणून भूकवच तिथपर्यंत सलग फाटले असावे असे पूर्वी मानले जाई. ७.८ च्या भूकंपाला एवढ्या लांबीची गरज पडत नाही. मधला पट्टा तेव्हा सरकलाच नसेल, तर तिथला ताण अजून साठलेलाच आहे.