आई-बाबा घरात असतील तर केबल काढून ओटीटी घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत राहता, घरी सत्तरीतले आई-बाबा, तुम्ही दोघं आणि नववीतली मुलगी. वर्क फ्रॉम होममुळे फायबर नेट आधीपासून आहे. केबलचं बिल महिन्याला ५५० रुपये येतं, त्यातले निम्मे चॅनेल कोणी लावतही नाही. मग केबल काढून टाकून ओटीटी, म्हणजे नेटवर मालिका-सिनेमे दाखवणारी ॲप घ्यावीत का?

माझं मत आधी सांगते. केबल आत्ता काढू नका, पण आहे तशीही ठेवू नका. बिल कापा, वाचलेल्या पैशांत एक-दोन ॲप घ्या आणि काढायची की नाही हे आई-बाबांना ठरवू द्या. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. आमच्या घरी सासूबाई आहेत, त्यामुळे हा विषय माझ्याकडे रोजच्या जेवणाइतकाच रोजचा आहे.

पहिलं काम बिल वाचायचं. आपल्याकडे केबलवाला रक्कम सांगतो आणि आपण देतो. पण २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामकाच्या नियमांमुळे बिलाचे दोन भाग झाले आहेत. एक म्हणजे एनसीएफ, म्हणजे नुसतं कनेक्शन चालू ठेवण्याचे पैसे. यात फ्री टू एअर, म्हणजे वेगळे पैसे न लागणारे चॅनेल येतात. अनेक वर्षं याची कमाल मर्यादा १३० रुपये होती, वर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली, त्यामुळे तुमचा ऑपरेटर नेमका किती आकारतो हे त्यालाच विचारा. दुसरा भाग पे चॅनेलचा, म्हणजे ज्यांचे वेगळे पैसे पडतात त्यांचा. तुमच्या ५५० मधून जीएसटी वेगळा काढला की साधारण ४६६ उरतात. एनसीएफ १३० धरला तर ३३६ रुपये पे चॅनेलचे झाले. खरी काटछाट इथेच करता येते.

आता आई-बाबा खरोखर काय बघतात ते एका कागदावर लिहून काढा. दोन-तीन मराठी मनोरंजन वाहिन्या, एखादी सिनेमाची, बातम्या, सह्याद्री, बाबा क्रिकेट बघत असतील तर खेळाची एक. बहुतेक घरांत यादी यापुढे फारशी जात नाही. मराठी बातम्यांच्या बऱ्याचशा वाहिन्या फ्री टू एअर आहेत. समजा पे चॅनेल १५० रुपयांत बसले, तर जीएसटीसह बिल ३३० च्या आसपास येईल. महिन्याला २२० वाचले, वर्षाला अडीच हजारांच्या वर. चॅनेल सुटे निवडण्याचा हक्क तुम्हाला नियमाने मिळालेला आहे. केबलवाला 'पॅकच घ्यावा लागेल' म्हणाला तर शांतपणे यादी त्याच्या हातात द्या. अर्थात कधीकधी एकाच कंपनीचे सुटे चार चॅनेल घेण्यापेक्षा त्या कंपनीचा छोटा मराठी पॅक स्वस्त पडतो, तेव्हा दोन्ही हिशोब करून बघा.

हे न करता थेट ओटीटीकडे गेलात, तर तुलना फुगलेल्या बिलाशी होते आणि ओटीटी आहे त्याहून स्वस्त वाटतं.

आता ओटीटीची बाजू. मराठी मालिका एका ॲपवर नाहीत, ही त्यातली सर्वांत मोठी अडचण. झी मराठी, झी टॉकीज, झी युवा बघायचं तर झी५ लागतं. स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर. कलर्स मराठीही आता तिथेच, कारण नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि कलर्सवाली व्हायकॉम१८ एकाच छत्राखाली आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांची दोन ॲप मिळून जिओहॉटस्टार झालं. सोनी मराठीसाठी सोनीलिव्ह. सन मराठीसाठी सन नेक्स्ट. सह्याद्री मात्र प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर फुकट मिळते आणि मराठी बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्या यूट्यूबवर थेट चालू असतात, तेव्हा बातम्यांसाठी पैसे मोजायची गरज नाही. पण संध्याकाळी साडेसहा ते दहा या वेळात तुमच्या आई जर तीन वाहिन्यांवरच्या मालिका बघत असतील, तर तुम्हाला निदान दोन ॲप घ्यावी लागतील, कदाचित तीन. आणि तुम्हा दोघांना नेटफ्लिक्स किंवा प्राइम हवं असेल तर ते वेगळं. मग बचत जवळजवळ उरतच नाही.

एक फायदा मात्र मान्य करायला हवा. मालिका हवी तेव्हा बघता येते, चुकलेला भाग सापडतो, आणि काही ॲपवर पैसे भरणाऱ्यांना नवा भाग टीव्हीच्या आधी मिळतो. लग्नकार्याला चार दिवस गावी जाऊन आलेल्या माणसाला ही सोय फार मोठी वाटते.

पण मला जे कळकळीने सांगायचं आहे ते रिमोटबद्दल. ज्या दिवशी तुम्ही ऐरोलीहून ऑफिसला गेलात, सूनबाई कामावर, नात शाळेत, की दिवसभर तो टीव्ही दोन म्हाताऱ्या माणसांचा असतो. केबलच्या रिमोटवर त्यांना आकडे पाठ असतात. बटण दाबलं, चित्र आलं. कोणाला विचारावं लागत नाही. ओटीटीवर आधी टीव्ही चालू, मग होम स्क्रीन, मग ॲप, मग 'कोण बघतंय' म्हणून प्रोफाइल, मग मालिका शोधायची, मग बरोबर भाग निवडायचा. शोधायचं तर पडद्यावरच्या कीबोर्डवर बाण सरकवत एकेक अक्षर. मोतीबिंदू झालेल्या माणसाला निवडलेल्या चौकोनाभोवतीची बारीक पांढरी कडा दिसतच नाही, त्यामुळे आपण नेमके कशावर उभे आहोत हे त्याला कळत नाही. आणि एखाद्या दिवशी ॲप स्वतःहून लॉगआउट होतं. मग ओटीपी येतो तो तुमच्या फोनवर, आणि तुम्ही त्या वेळी मीटिंगमध्ये किंवा ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत.

अशा वेळी आई-बाबा तक्रार करत नाहीत. ते टीव्ही बंद करून बसतात. संध्याकाळी विचारलं तर म्हणतात, 'आज काही बघावंसं वाटलं नाही.' हे मी आमच्या बिल्डिंगमध्ये एकाहून जास्त घरांत पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, त्याला दुपारची एक मालिका लावायला मुलाच्या फोनची वाट बघावी लागणं हे महिन्याच्या दोनशे रुपयांच्या बचतीपेक्षा मला फार महाग वाटतं.

आमच्या सासूबाई मात्र शिकल्या. त्यासाठी जे केलं ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. होम स्क्रीनवरची नको ती सगळी ॲप काढून टाकली आणि त्यांची दोनच पहिल्या ओळीत आणली. प्रोफाइल एकच ठेवलं, म्हणजे निवडायचा प्रश्न आला नाही. त्यांच्या मालिका वॉचलिस्टमध्ये टाकल्या. लॉगिन त्यांच्याच मोबाइल नंबरवर केलं, त्यामुळे ओटीपी त्यांच्याच हातात येतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शिकवताना रिमोट आपल्या हातात घ्यायचा नाही, तो त्यांच्याच हातात राहू द्यायचा. त्या आता मालिका स्वतः लावतात. केबल आम्ही तरीही ठेवली आहे, लहान पॅकवर, कारण सकाळचं कीर्तन त्यांना टीव्ही लावल्या लावल्या चालू झालेलं हवं असतं.

क्रिकेटबद्दल दोन गोष्टी. आयपीएल आणि भारतातले भारताचे सामने टीव्हीवर स्टार स्पोर्ट्सकडे आणि ऑनलाइन जिओहॉटस्टारकडे, इथपर्यंत सोपं आहे. परदेश दौऱ्यात चित्र बदलतं. २०२५ च्या जून ते ऑगस्टमधली इंग्लंडमधली कसोटी मालिका टीव्हीवर सोनीकडे होती आणि ॲपवर जिओहॉटस्टारकडे. म्हणून कुठल्या मालिकेसाठी काय लागेल हे त्या त्या वेळी बघा, त्यासाठी वर्षभराचा प्लॅन घेऊ नका. दुसरं म्हणजे ॲपवरचं थेट प्रक्षेपण केबलपेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये आरडाओरडा झाला की आपल्याकडे गोलंदाज अजून रनअपवर असतो. बाबा क्रिकेटवेडे असतील तर ही गोष्ट त्यांना रोज खटकेल.

नेटच्या वेगाची काळजी करू नका. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. एचडीत तासाला साधारण ३ जीबी जातात, आणि घरगुती फायबरला महिन्याची मर्यादा असली तरी ती बहुधा ३३०० जीबीच्या आसपास असते, म्हणजे ती संपायची नाही. वेगापेक्षा नेट किती वेळा जातं ते बघा. पावसाळ्यात रस्ता खोदला, गटाराचं काम निघालं की वायर तुटते. ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी केबल आणि नेट दोन्ही एकाच स्थानिक केबलवाल्याकडून येतात, तेव्हा एक गेलं की दुसरंही जातं. तुमची दोन्ही कनेक्शन वेगळ्या कंपन्यांची असतील तर तो केबल ठेवण्याचा आणखी एक फायदा समजा.

ओटीटी घेताना फसायच्या जागा थोड्या आहेत. सर्वांत स्वस्त प्लॅन बहुधा फक्त मोबाइलवर चालतो, टीव्हीवर नाही. नेटफ्लिक्सचा १४९ चा तसाच आहे, टीव्हीसाठी किमान १९९ चा लागतो. गावाकडच्या भावाबरोबर नेटफ्लिक्सचं खातं वाटून घ्यायचा विचार असेल तर जुलै २०२३ पासून ते एकाच घरापुरतं आहे. पैसे भरले म्हणजे जाहिराती गेल्या असंही नाही. प्राइमवर जून २०२५ पासून जाहिराती आहेत आणि नको असतील तर वर वेगळे पैसे द्यावे लागतात. ऑटोपे चालू केलं असेल तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, बघून ठेवा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज न वाचता पुसू नका. आणि काहीही विकत घेण्याआधी तुमच्या फायबरच्या आणि मोबाइलच्या प्लॅनमध्ये कोणती ॲप आधीच मिळतात ते तपासा. कित्येक घरांत एकाच ॲपचे पैसे दोनदा जात असतात.

दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशचाही विचार करून बघा. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याचं काहीच भाडं नाही. पण डिश आग्नेय दिशेला मोकळी लागते, म्हणजे तशी बाल्कनी किंवा गच्ची आणि सोसायटीची परवानगी हवी. तिथल्या मराठी वाहिन्या मर्यादित आहेत, आणि मुसळधार पावसात कुठल्याही डिशचा सिग्नल जातो.

तुमच्या जागी मी असते तर या महिन्यात पॅक कापला असता, त्या पैशांत आईच्या जास्तीत जास्त मालिका ज्या एका ॲपवर आहेत ते घेतलं असतं आणि तुम्हा दोघांसाठी प्राइम किंवा नेटफ्लिक्स यांपैकी एकच, तेही महिन्यापुरतं. केबल आणि ॲप दोन्ही शेजारी शेजारी चालू द्या. मुलीसाठी पिन लावून ठेवा. पुढच्या वर्षी दहावी आहे, आणि ओटीटीवर पुढचा भाग आपोआप सुरू होतो, हे तिच्याशी मोकळेपणाने बोललेलं बरं. तीनेक महिन्यांनी आई-बाबांना विचारा की केबलचा रिमोट किती वेळा हातात घेतला. 'घेतलाच नाही' असं त्यांच्याच तोंडून आलं तर बिनधास्त काढा.

काढायची वेळ आली तर फोनवर 'बंद करा' म्हणून सोडून देऊ नका. कनेक्शन बंद केल्याचं व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. सेट टॉप बॉक्स भाड्याचा असेल तर परत करून डिपॉझिट मागा, विकत घेतलेला असेल तर तो तुमचाच आहे. आणि भिंतीतून हॉलपर्यंत आलेली वायर मात्र राहू द्या. उद्या आई-बाबांना केबल परत हवीशी वाटली तर पुन्हा भिंतीला भोक पाडायला नको.