तिसरीतल्या मुलीला शाळेतून काढून ऑनलाइन अभ्यासक्रमावर घरीच शिकवलं तर चालेल का?

तुमची मुलगी तिसरीत आहे, शाळेत रमत नाही, आणि एका अमेरिकन साइटचं वर्षाचं सदस्यत्व घेऊन सगळे विषय त्यावरच शिकवावेत असं तुमच्या मनात आहे. तेवढ्यावर भागेल का, असं विचारलंय तुम्ही. गणिताचं बरंचसं भागेल, इंग्रजीचं अर्धंमुर्धं. बाकीच्यासाठी तुमच्यापैकी एकाला रोज तिच्याजवळ बसावं लागेल. ते जमणार नसेल तर शाळा सोडवू नका, सदस्यत्व कितीही महागाचं असो. आणि रमत नाही म्हणजे नेमकं काय, ते आधी शोधा. निदान डोळे तपासून घ्या. फळा न दिसणारी मुलंही शाळेला कंटाळतात.

आम्ही नाशिकला राहतो, दोन्ही मुलं घरीच शिकतात. धाकटा तुमच्या मुलीच्याच वयाचा आहे.

या साइट्सचा खरा फायदा म्हणजे प्रत्येक विषयाची इयत्ता वेगळी ठेवता येते. शाळेत तिसरी म्हणजे सगळ्याच विषयांची तिसरी. इथे गणित चौथीचं आणि इंग्रजी वाचन पहिलीचं असं सुखाने चालतं, आणि ‘अजून पहिलीतच?’ म्हणून कोणी हिणवत नाही. हातच्याची वजाबाकी चुकली तर साइट तीच पुन्हा पुन्हा देते. आईचा आवाज पाचव्या वेळेलाच चढलेला असतो.

पण मुलं धडा शिकायच्या आधी साइट शिकतात. धाकट्याच्या अपूर्णांकाच्या प्रकरणावर ‘पूर्ण’ची हिरवी खूण आली, शेजारी चांदणीही आली. मागे बसून बघितलं तर स्वारी प्रश्न वाचतच नव्हती. पर्याय चार. चुकीच्यावर टिचकी मारली की तो फिका पडायचा, मग पुढचा. जिथे तुकडे रंगवायचे होते तिथे तर खालच्या आकड्याकडे बघायची गरजच नव्हती, कारण तुकडे आधीच पाडून दिलेले. वरच्या आकड्याएवढे रंगवले की शाबासकी. मग त्याला कोरा कागद दिला आणि म्हटलं, एक लांबट चौकोन काढ आणि त्यात तीन पंचमांश दाखव. पठ्ठ्याने पाच भाग हवेत म्हणून पाच रेषा मारल्या. झाले सहा भाग, तेही लहानमोठे. मोजून बघितल्यावर तोच चक्रावला. चार रेषा का पुरतात आणि भाग सारखे का हवेत, यावर आमची सगळी सकाळ गेली. अपूर्णांक त्याला कळला तो त्या कागदावर.

तेव्हापासून घरात शिरस्ता आहे: हिरवी खूण आली की वही उघडायची. दोन-तीन गणितं, पर्याय नाहीत, कच्चं काम दिसलं पाहिजे. पालकांसाठी जे पान असतं तिथेही टक्क्यांपेक्षा लागलेला वेळ बघा. दहा प्रश्न दोन मिनिटांत संपले असतील तर एक तर ते तिला आधीपासून येत होतं, नाहीतर अंदाजपंचे चाललं होतं.

अमेरिकन अभ्यासक्रम आहे म्हटल्यावर त्यातलं काय गाळायचं ते आधीच ठरवा. दुसरी-तिसरीला नाण्यांचा धडा येतो: पेनी, निकेल, डाइम, क्वार्टर. डाइम दहा सेंटचं आणि निकेल पाच सेंटचं, पण आकाराने डाइम लहान. तिथल्या मुलांना हे खाऊचे पैसे मोजताना कळतं, आपल्या मुलीने ते का घोकावं? गॅलन, क्वार्ट ही मापंही सोडून द्या. फूट-इंच राहू द्यात, सुताराकडे कामाला येतात. मोठ्या संख्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. तिकडे स्वल्पविराम दर तीन अंकांनंतर पडतो, आपल्याकडे हजारानंतर दोन-दोन अंकांनी. लाख-कोटी आधी वहीत पक्के होऊ द्या, मिलियन मागाहून शिकता येतं. समाजशास्त्रात अमेरिकेची पन्नास राज्यं आणि राष्ट्राध्यक्ष असतील, तो विषय सरळ बंद ठेवा.

त्याच्या जागी बालभारतीची पुस्तकं घ्या. पीडीएफ फुकट उतरवता येतात, पण छापीलच घ्या, स्वस्त असतात. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं निघत आलंय. आपल्याच नद्या, आपलेच तालुके कुठली परदेशी साइट शिकवणार? पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारच्या दीक्षा ॲपवर त्या पाठाचं साहित्य उघडतं. काही छान असतं, काही नुसतंच पुस्तक वाचून दाखवल्यासारखं.

मराठी आकडेही घरातच करून घ्यावे लागतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला गोंधळ इंग्रजी स्क्रीनवर कधी होतच नाही, तो भाजी घेताना होतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी ‘साठ तीन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला ती पद्धत पटते. घरी बिनधास्त वापरा, पण त्रेसष्टही तिच्या कानावर पडू द्या.

पैसे भरण्याआधी फुकटचं वापरून बघा. खान अकॅडमीचं गणित मोफत आहे आणि लहान मुलांसाठी त्यांचं वेगळं किड्स ॲप आहे. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET), म्हणजे स्क्रीनवर करून बघायच्या प्रयोगांची, सिम्युलेशन्सची, मोफत साइट. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी नोबेल मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, २००२ मध्ये, ते सुरू केलं. त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. विजेच्या मंडलाचं जे आहे त्यात बॅटरी, तारा, दिवे ओढून जोडायचे. शॉर्टसर्किट केलं की बॅटरीतून ज्वाळा निघतात, आणि मुलांना सगळ्यात आधी तेच करायचं असतं. करू द्या. नंतर दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायरचा तुकडा आणून द्या. आमच्याकडे स्क्रीनवर तीन-तीन दिवे पेटवणाऱ्या मोठीचा एकही बल्ब लागेना. वायरवरचं प्लास्टिक तिने सोललंच नव्हतं. ते सोलल्यावर सेलवरचा हात जरा हलला की बल्ब विझायचा. स्क्रीनवर तार नीट चिकटली नाही असं होतच नाही. दिवा का लागत नाही हे शोधायची सवय लागली ती या खटपटीतून.

विकत घ्यायचंच असेल तर वर्षाचं नको, महिन्याचं घ्या. डॉलरमधली आपोआप वजावट आपल्या कार्डांवर अनेकदा अडते. रिझर्व्ह बँकेचे २०२१ पासूनचे नियम त्याला कारण आहेत. त्यामुळे दर महिन्याला हाताने भरायची तयारी ठेवा. स्क्रीनसमोर या वयात दिवसाला तासभर खूप झाला. सकाळी, मेंदू ताजा असताना.

आता कागदपत्रं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा ठेवलेली नाही. घरच्या शिक्षणाबद्दल त्यात स्वतंत्र तरतूदही नाही. त्याच कायद्यामुळे पुढे मन बदललं तर वयानुसार वर्गात परत प्रवेश मिळू शकतो. साइटवाले ‘पूर्णत्वाचं प्रमाणपत्र’ देतात, ते भिंतीवर लावायला ठीक. परीक्षा मंडळाचं काम ते करत नाही. त्यासाठी एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा, आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या त्यांच्या पातळ्या आहेत, दहावीची परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, माध्यम मराठीही मिळतं. राज्य मंडळाची दहावी हवी असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. बारावीकडे दुर्लक्ष करू नका. घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीला संगणकशास्त्र ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर २०१६ मध्ये एमआयटीने घेतलं, पण बारावी नसल्यामुळे आयआयटीची वाट तिला बंद होती. ती पेपरांत गाजलेली बातमी सगळे सांगतात, त्यातला हा दुसरा भाग कोणी सांगत नाही.

शाळा सोडलीत तर सोडल्याचा दाखला त्याच आठवड्यात घ्या. नाव, जन्मतारीख, आईचं नाव आधार कार्डाशी आणि जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा. सतरा नंबर भरताना हाच दाखला लागतो, आणि तोवर ओळखीचे हेडमास्तर बदलून गेलेले असतात.